वणव्यावरचे हेलिकॉप्टर : एका यंत्राचा इतिहास आणि त्याच्या मर्यादा

#धागा #इतिहास #वणवा

१/
१३ जून २०२४. उत्तराखंडच्या अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात वणवा विझवण्यास गेलेले वनविभागाचे पथक ज्वाळांनी वेढले गेले. चार कर्मचारी जागीच मृत्युमुखी पडले, इतर चौघे गंभीररीत्या भाजले. त्यानंतर भारतीय हवाईदलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर भीमताल तलावावर उतरते झाले, दोरखंडाला लोंबकळणारी बादली त्याने पाण्यात बुडवली आणि ते बिनसरकडे निघाले. ती चित्रफीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल.

२/
ती पाहताना मनात एक साधा प्रश्न येतो : हे हेलिकॉप्टर आदल्या दिवशी का आले नाही? पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याआधीचा प्रश्न अधिक छळतो. ते आदल्या दिवशी आले असते, तर नेमके काय करू शकले असते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सुमारे शंभर वर्षे मागे जावे लागते. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

३/
आरंभी वणव्याविषयी थोडेसे. आगीला तीन गोष्टी लागतात : इंधन, उष्णता आणि प्राणवायू. घराची आग आपण पाण्याने, म्हणजे उष्णता काढून घेऊन विझवतो. जंगलातील आग मुख्यतः इंधन काढून घेऊन आटोक्यात आणली जाते. आगीच्या वाटेवरचा पालापाचोळा, गवत, झुडपे साफ करून उघड्या मातीचा पट्टा तयार करायचा आणि आगीला त्याच्यापाशी उपाशी मारायचे. महाराष्ट्राच्या वनविभागात या पट्ट्याला ‘जाळरेषा’ म्हणतात. जगभरातील वणवाशमनाचा कणा आजही हीच रेषा आहे, आणि ती माणसांनी जमिनीवर उभे राहूनच काढावी लागते.

४/
मग माणसे आगीपर्यंत पोहोचवायची कशी? हेलिकॉप्टरचा वणव्याशी संबंध आला तो या प्रश्नातून. पाणी फार नंतर आले. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून ती प्रथमच सांगून ठेवतो.

५/
कथेची सुरुवात अमेरिकेत, १९१० मध्ये. अमेरिकी वनसेवा स्थापन होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. त्या वर्षी २० आणि २१ ऑगस्ट या दोन दिवसांत प्रचंड वाऱ्याने आयडाहो आणि मोंटाना या राज्यांतील शेकडो लहान आगी एकत्र केल्या आणि सुमारे ३० लाख एकर जंगल भस्मसात झाले. ८५ च्या आसपास माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य आग विझवण्यास गेलेले मजूर होते. एड पुलास्की नावाच्या वनाधिकाऱ्याने आपल्या पथकाला एका खाणीच्या बोगद्यात कोंबून चाळीसच्या आसपास जीव वाचवले. एका बाजूस कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूस कुदळ असलेले जे अवजार आजही वणवाशमनात वापरतात, त्याला त्याचेच नाव आहे.

६/
या आपत्तीने वनसेवेच्या मनावर कायमचा ओरखडा उमटला. प्रत्येक आग शत्रू ठरली. १९३५ मध्ये धोरणच ठरले : कोणतीही आग दिसली, की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. म्हणूनच त्याला ‘दहा वाजताचे धोरण’ म्हणत. कागदावर हे सोपे होते. प्रत्यक्षात रस्ता नसलेल्या डोंगरात आगीपर्यंत चालत जाण्यासच दोन-दोन दिवस लागत. तोवर आग कोठल्या कोठे गेलेली असे.

७/
उत्तर आकाशात शोधले गेले. सोव्हिएत संघाने १९३० च्या दशकातच हवाई वनरक्षणाची स्वतंत्र यंत्रणा उभी केली होती आणि हवाईछत्रीने माणसे उतरवण्यास प्रारंभ केला होता. अमेरिकेत १२ जुलै १९४० रोजी रूफस रॉबिन्सन आणि अर्ल कूली या दोघांनी आयडाहोतील आगीवर पहिली उडी घेतली. या छत्रीधारी अग्निशामकांना ‘स्मोकजंपर’ हे नाव मिळाले. मात्र या पद्धतीत एक मोठे वैगुण्य होते : विमान माणसाला आगीपाशी सोडू शके, परत आणू शकत नसे.

८/
त्या वैगुण्याची किंमत ५ ऑगस्ट १९४९ रोजी मोजावी लागली. मोंटानातील मान गल्च या अरुंद दरीत १५ स्मोकजंपर उतरले. जमिनीवर आणखी एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. आगीने अचानक दरी ओलांडून त्यांची वाट अडवली आणि वाळलेल्या गवतातून ती चढावर त्यांच्या मागे धावली. चढावर आग माणसापेक्षा वेगाने धावते, कारण वरचे गवत ज्वाळांच्या उष्णतेने आधीच तापलेले असते. १६ पैकी १३ जण मेले.

९/
वाचलेल्या तिघांपैकी एक पथकप्रमुख वॅग डॉज. त्याने पळता पळता थांबून समोरचे गवत स्वतःच पेटवले आणि त्या जळून गेलेल्या राखेत तो पालथा पडून राहिला. मुख्य आग आली तेव्हा तिथे तिला खायला काहीच उरले नव्हते. इतरांना त्याने हाका मारल्या. पण जळत्या जागेत शिरण्याचे ते आवाहन कोणाला पटले नाही. नॉर्मन मॅक्लीन या लेखकाने या घटनेवर आयुष्याची अखेरची वर्षे खर्च केली. ‘यंग मेन अँड फायर’ हे त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९९२ मध्ये प्रकाशित झाले.

१०/
आता हेलिकॉप्टरकडे वळू. इगोर सिकोर्स्की याने आपले व्हीएस-३०० हे यंत्र सप्टेंबर १९३९ मध्ये प्रथम जमिनीवरून उचलले, तेही दोरांनी बांधलेल्या अवस्थेत. पाचच वर्षांत हे यंत्र युद्धभूमीवर होते आणि तो प्रसंग आपल्या अगदी जवळचा आहे. एप्रिल १९४४ मध्ये आसाममधील लालाघाट येथे तळ असलेल्या अमेरिकी तुकडीतील लेफ्टनंट कार्टर हार्मन याने ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे अडकलेल्या चार जणांची हेलिकॉप्टरने सुटका केली. युद्धक्षेत्रातील हेलिकॉप्टरबचावाची ही पहिली घटना मानली जाते.

११/
या प्रसंगातील एक तपशील लक्षात ठेवावा. हार्मनला एका फेरीत एकच माणूस आणता आला. उष्ण हवा विरळ असते, उंचीवरची हवाही विरळ असते; आणि हेलिकॉप्टरचे पाते हवेलाच खाली ढकलून यंत्राला वर उचलून धरते. हवा विरळ झाली, की उचलण्याची शक्ती घटते. ब्रह्मदेशाच्या उष्म्यात त्या दुबळ्या इंजिनाला वैमानिक आणि आणखी एक माणूस एवढाच भार पेलत होता. आता विचार करा : वणवा कोठे लागतो? डोंगरावर. केव्हा लागतो? उन्हाळ्यात. हेलिकॉप्टरची गरज जिथे सर्वाधिक, तिथेच त्याची शक्ती सर्वांत कमी. पुढचा सारा इतिहास हा या विसंगतीशी चाललेला झगडा आहे.

१२/
८ मार्च १९४६ रोजी ‘बेल ४७’ या हेलिकॉप्टरला अमेरिकेत नागरी वापराचा परवाना मिळाला. काचेच्या बुडबुड्यासारखी दर्शनी खिडकी असलेले हे छोटे यंत्र पुढे कोरियन युद्धात जखमींना वाहून नेण्यामुळे जगप्रसिद्ध झाले. त्याच सुमारास, १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, लॉस एंजेलिसच्या मागील डोंगरांतील अँजेलिस राष्ट्रीय वनात आगींवर हेलिकॉप्टरचा वापर सुरू झाला.

१३/
त्याने तिथे काय केले? आगीची कड कोठवर आली आहे ते पाहिले. आगप्रमुखाला तासाभरात सर्व बाजू दाखवून आणल्या. एरवी त्याला त्यासाठी दिवस लागला असता. एक-दोन माणसे कड्यावर नेऊन सोडली. अन्न, पाणी, अवजारे पोहोचवली. जखमींना खाली आणले. आणि जे विमानाला जमत नव्हते तेही केले : सोडलेली माणसे परत आणली. आगीवर पाणी टाकण्याचे काम मात्र या यादीत नव्हते. एक माणूस उचलताना धापा टाकणारे यंत्र पाणी किती उचलणार?

१४/
१९५० चे दशक कॅलिफोर्नियासाठी क्रूर ठरले. जुलै १९५३ मध्ये मेंडोसिनो राष्ट्रीय वनातील रॅटलस्नेक आगीत वारा फिरला आणि १५ जण मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, ‘ऑपरेशन फायरस्टॉप’ नावाचा मोठा प्रयोग कॅम्प पेंडलटन या लष्करी तळावर झाला. महायुद्धातून उरलेली विमाने, हेलिकॉप्टरे, रसायने, पंप असे सारे वणव्यावर वापरून पाहण्यात आले. हेलिकॉप्टरमधून पाणी टाकणे आणि पाण्याची नळी डोंगरावर उलगडत नेणे हे दोन्ही प्रयोग त्यांत होते.

१५/
याच दशकात ‘हेलिटॅक’ ही संकल्पना रुजली. म्हणजे हेलिकॉप्टरसोबत राहणारे, त्याच्याच सवयीचे छोटे पथक. आग लहान असतानाच ते तिच्याजवळ उतरते, हाती अवजारे घेऊन रेषा काढते आणि पुढच्या तुकड्यांसाठी झुडपे तोडून उतरण्याची जागा तयार करते. उतरण्यास जागाच नसेल, तर जाड अस्तराचा पोशाख घातलेले जवान तरंगत्या हेलिकॉप्टरमधून थेट झुडपांत उड्या घेत. पुढे दोरावरून घसरत उतरण्याची रीत आली आणि उड्या इतिहासजमा झाल्या.

१६/
आग विझवणाऱ्या विमानांचा जन्मही याच काळातला. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातील विलोज गावच्या शेतीफवारणी करणाऱ्यांनी आपल्या जुन्या स्टीअरमन विमानात पाण्याची टाकी बसवून आगीवर पाणी सोडले. विमान दूरवरून वेगाने येते, मोठा साठा टाकते; पण त्याला धावपट्टीवर परतावे लागते. हेलिकॉप्टर कमी पाणी आणते. पण ते जवळच्या तळ्यातून, पुन्हा पुन्हा आणि नेमक्या जागी. हे दोघे प्रतिस्पर्धी नव्हेत, त्यांची कामेच वेगळी आहेत.

१७/
खरा पालट टर्बाइन इंजिनाने घडवला. जुन्या पिस्टन इंजिनांपेक्षा ते हलके आणि कितीतरी शक्तिशाली. ‘ह्यूई’ या नावाने ओळखले जाणारे बेलचे टर्बाइन हेलिकॉप्टर व्हिएतनाम युद्धाचे प्रतीकच बनले. युद्ध ओसरल्यावर दोन गोष्टी एकाच वेळी मोकळ्या झाल्या : वापरातून निघालेली हेलिकॉप्टरे आणि अरुंद दऱ्यांत, धुरात, गोळीबारात उड्डाण केलेले वैमानिक. वणव्याच्या हंगामात काम करणाऱ्या अमेरिकी वैमानिकांच्या एका संपूर्ण पिढीने आपले शिक्षण व्हिएतनाममध्ये घेतले होते. युद्धाच्या तंत्रज्ञानाचे नागरी जीवनात असे उतरणे आपण इतिहासात वारंवार पाहतो.

१८/
आता बादली. सुरुवातीच्या बादल्या कडक, जड आणि अवजड असत. त्या हेलिकॉप्टरच्या आत मावत नसत. उड्डाणभर खाली लोंबकळत न्याव्या लागत, त्यामुळे वेग घटे. १९८० च्या दशकाच्या आरंभी कॅनडाच्या डॉन आर्नी याने घडी घालता येणारी कापडी बादली तयार केली. हीच ती ‘बांबी बकेट’. आगीपाशी पोहोचेपर्यंत ती हेलिकॉप्टरच्या पोटात घडी करून ठेवता येते. पाण्यावर आल्यावर ती उलगडते, भरते. वैमानिकाने कळ दाबली, की तळाची झडप उघडते आणि पाणी एकसंध लोंढ्याने खाली येते. २०१७ मध्ये आर्नीचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-सन्मान यादीत झाला.

१९/
दुसरी दिशा मोठ्या टाकीची. सिकोर्स्की कंपनीचे ‘स्कायक्रेन’ हे १९६० च्या दशकातले हेलिकॉप्टर : पुढे वैमानिकाची खोली, वर इंजिने आणि मागे नुसता कणा, एखाद्या चतुरासारखा. या कण्याखाली सुमारे १०,००० लिटरची टाकी बसवली जाते. हेलिकॉप्टर तलावावर तरंगत राहते आणि सोंडेसारख्या नळीने मिनिटभराच्या आत टाकी भरून घेते. ऑस्ट्रेलियात २००१-०२ च्या सिडनी परिसरातील वणव्यांत ‘एल्विस’ नावाचे असे एक हेलिकॉप्टर इतके लोकप्रिय झाले, की लहान मुलेही त्याला नावाने ओळखू लागली.

२०/
आणि आता या इतिहासातील सर्वांत विलक्षण वळण : हेलिकॉप्टर आग विझवते तसेच ते आग लावतेही. मान गल्चमध्ये वॅग डॉजने जे हाताने केले, तेच मोठ्या प्रमाणावर आणि आधी आखणी करून केले जाते. वणवा जाळरेषेपर्यंत पोहोचण्याआधीच त्याच्या वाटेवरचे इंधन जाळून टाकायचे. त्यासाठी हेलिकॉप्टरखाली घट्ट केलेले पेट्रोल टपकवणारी मशाल लटकवतात किंवा टेबल टेनिसच्या चेंडूएवढ्या गोळ्या टाकतात. गोळीत पोटॅशियम परमँगनेट असते. टाकण्याच्या क्षणी त्यात ग्लायकॉल टोचले जाते आणि काही सेकंदांनी, जमिनीवर पडल्यावर, ती पेट घेते. या तंत्राची मुळे १९६० च्या दशकातील ऑस्ट्रेलियात आहेत.

२१/
या यंत्राने बळीही घेतले. १९७७ मध्ये अँजेलिस राष्ट्रीय वनातील आगीवर रात्री काम करणाऱ्या दोन हेलिकॉप्टरांची टक्कर होऊन एक वैमानिक मृत्युमुखी पडला. पुढे अमेरिकी वनसेवेने रात्रीची उड्डाणे बंद केली आणि ती पुन्हा सुरू होण्यास तीन दशके लागली. ५ ऑगस्ट २००८ रोजी कॅलिफोर्नियातच डोंगरावरील आगीतून जवानांना परत आणणारे सिकोर्स्की एस-६१ उड्डाण घेताच कोसळले. आतील १३ पैकी नऊ जण मेले. तारीख पाहा : मान गल्चच्या दुर्घटनेला त्या दिवशी ५९ वर्षे झाली होती.

२२/
चौकशीत आढळले, की सेवा पुरवणाऱ्या कंपनीने हेलिकॉप्टरचे वजन कागदोपत्री कमी दाखवले होते आणि क्षमतेचे तक्तेही बदलले होते. वैमानिकांनी गणित केले होते. पण त्यांना दिलेले आकडेच खोटे होते. उष्ण दिवस, उंच जागा, विरळ हवा आणि खोट्या आकड्यांवर भरलेला भार. १९४४ मध्ये हार्मनला एकेकच माणूस का आणावा लागला, हे पुन्हा एकदा आठवावे.

२३/
आता भारत. २०१६ च्या उन्हाळ्यात उत्तराखंड पेटले, तेव्हा हवाईदलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरे बांबी बादल्यांसह भीमतालसारख्या जलाशयांवरून पाणी उचलू लागली. पुढे २०१९ मध्ये बंदीपूर, २०२०-२१ च्या हिवाळ्यात नागालँड-मणिपूर सीमेवरील झुकू दरी, २०२१ आणि २०२४ मध्ये पुन्हा उत्तराखंड. मार्च २०२३ मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांत आगी लागल्या, तेव्हा नौदल आणि हवाईदल या दोघांचीही हेलिकॉप्टरे आली. सत्तरीच्या रानात त्याच वेळी वनकर्मचारी, अग्निशामक जवान आणि गावकरी पायी आग बडवत होते.

२४/
थोडे अंकगणित करू. एमआय-१७ ची बादली साधारण तीन ते पाच हजार लिटरची सांगितली जाते. आपण चार हजार धरू. तलाव जवळ असेल आणि बारा मिनिटांत एक फेरी होत असेल, तर तासात पाच फेऱ्या, म्हणजे २०,००० लिटर. दुष्काळी गावात येणारे दहा हजार लिटरचे दोन टँकर. लहान आगीच्या तोंडावर हे पाणी नेमके पडले तर मोलाचे आहे. पण डोंगरच्या डोंगर पेटल्यावर? शिवाय भीमताल ते बिनसर हे अंतर सरळ रेषेतही चाळीस किलोमीटरच्या घरात आहे. भरलेली बादली लोंबकळत असताना वेग आवरावा लागतो. तिथे एका फेरीस अर्ध्या तासाहून अधिक वेळ सहज जातो.

२५/
पाणी पडल्यावरही काम संपत नाही. दाट झाडीत त्याचा बराच भाग शेंड्यांवरच अडतो. जमिनीवर चीडच्या वाळक्या सुयांचा थर असतो, ज्याला पहाडात पिरूल म्हणतात. त्याच्या खाली आग धुमसत राहते आणि दुपारच्या वाऱ्याने पुन्हा उठते. म्हणून वरून पाणी पडून ज्वाळा खाली बसल्या, की लगेच माणसांनी जाऊन कड खणावी लागते. पाणी त्यांना थोडा वेळ मिळवून देते, आगीच्या जवळ जाण्याइतकी धग कमी करते. जमिनीवर कोणी नसेल, तर तो वेळ वाया जातो. केवळ कॅमेऱ्यांसाठी केलेल्या अशा फवाऱ्यांना अमेरिकी अग्निशामक उपहासाने ‘सीएनएन ड्रॉप’ म्हणतात.

२६/
आणि इथे कुमाऊँचा जुना इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. १९११ ते १९१७ या काळात ब्रिटिश सरकारने तेथील विस्तीर्ण वने राखीव केली. चराईसाठी गवत जाळण्याची गावकऱ्यांची जुनी रीत गुन्हा ठरली. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत लोकांनी वेठबिगारीच्या नोंदवह्या शरयू नदीत बुडवल्या. आणि त्याच उन्हाळ्यात कुमाऊँची राखीव चीडवने जागोजाग पेटली. रामचंद्र गुहा यांनी दाखवून दिले आहे, की या आगी आंधळ्या नव्हत्या : सरकारला उत्पन्न देणारी चीडवने जळाली, गावाच्या उपयोगाची रुंदपर्णी वने बहुतांशी राखली गेली.

२७/
सरकारला तक्रारींची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले, म्हणजे गावाच्या वनाची राखण गावाकडे देण्याची व्यवस्था. बिनसर याच भूमीत आहे. वन आपले वाटले तर गाव आग विझवायला धावते, परके वाटले तर बघत राहते किंवा काडी लावते. हा धडा त्या डोंगरांनी शंभर वर्षांपूर्वीच दिला होता. कोणत्याही बादलीची क्षमता त्या मनुष्यबळापुढे तोकडी आहे.

२८/
अमेरिकेने स्वतःचा धडा वेगळ्या मार्गाने घेतला. प्रत्येक आग तत्काळ विझवत गेल्याने जंगलात दशकानुदशकांचे इंधन साठत गेले आणि पुढच्या आगी अधिक भयंकर झाल्या. १९७८ मध्ये ‘दहा वाजताचे धोरण’ औपचारिकरीत्या सोडून देण्यात आले. हेलिकॉप्टरे, विमाने, छत्रीधारी यांनी त्या धोरणाला यश मिळवून दिले होते. आणि त्या यशातच पुढच्या अपयशाचे सरपण रचले गेले होते.

२९/
याचा अर्थ हेलिकॉप्टर निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. लहान आगीवर लवकर पोहोचणे, वस्तीच्या तोंडावर आलेली ज्वाळ दाबणे, जिथे पाय पोहोचत नाहीत तिथे पाणी नेणे, आगीचे चित्र वरून पाहून खालच्यांना सावध करणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अडकलेल्या माणसाला बाहेर काढणे. ऐंशी वर्षांचा हा इतिहास सांगतो, की हेलिकॉप्टर सर्वाधिक मोलाचे ठरले ते आगीच्या आरंभी आणि जमिनीवरच्या पथकाचे सहकारी म्हणून. जंगल पेटून चार दिवस झाल्यावर एकटे आलेले हेलिकॉप्टर आपल्याला फार तर एक चित्रफीत देते.

३०/
म्हणून पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. हेलिकॉप्टर आदल्या दिवशी बिनसरला आले असते, तर त्याने कदाचित त्या पथकाला वरून वाऱ्याचा आणि ज्वाळांचा रोख सांगितला असता, कदाचित त्यांच्या वाटेवर चार हजार लिटर पाणी टाकले असते. ‘कदाचित’ याहून अधिक म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण त्या माणसांचा जीव ज्यावर अवलंबून होता त्यांपैकी बहुतेक गोष्टी फेब्रुवारीतच ठरतात : जाळरेषा वेळेवर साफ झाल्या का, पिरूल उचलला गेला का, हंगामी वणवारक्षकांना प्रशिक्षण, जोडे, संपर्कयंत्र आणि पळवाटेची माहिती मिळाली का, गाव सोबत आहे का.

३१/
आपल्या सह्याद्रीतही वणव्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत चालतो. गडकोटांच्या भटकंतीस जाणाऱ्या मित्रांना एकच विनंती : वाळलेल्या गवतात चूल पेटवू नका, विडी-सिगारेट टाकू नका, आणि डोंगरावर धूर दिसला, तर चित्रफीत काढण्याआधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वरच्या हेलिकॉप्टरचे छायाचित्र सर्वत्र झळकते. खाली हिरव्या फांद्या आणि ब्लोअर घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे कोणी काढत नाही. या धाग्याच्या निमित्ताने त्याचीही नोंद इतिहासात राहावी.

धागा समाप्त. चूकभूल द्यावी घ्यावी. तपशिलात दुरुस्ती असल्यास खाली अवश्य सुचवावी. पुढील धागा : कुमाऊँची कुली-बेगार चळवळ.